विल्सन जोन्स : अजून कुणाला आठवतात का?

मार्करचा_मुलगा | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

आज बिलियर्ड्सचे जगज्जेते विल्सन जोन्स यांचा स्मृतिदिन. २००३ साली याच तारखेला ते मुंबईत गेले, वयाच्या ८१व्या वर्षी. आमच्या घरात हा दिवस पाळला जातो. फार काही नसतं. बाबा पेटीतून स्वतःची जुनी क्यू, म्हणजे खेळायची काठी, काढतात, मऊ फडक्याने पुसतात आणि परत ठेवून देतात. बाबा आता ८७ वर्षांचे आहेत. आज पुसता पुसता म्हणाले, "साहेब अजून कुणाला आठवत असतील का रे?" म्हणून हा धागा काढतोय.

बाबा पुण्यातल्या एका जिमखान्यात मार्कर होते. हे काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिलियर्ड्सची खोली मार्करच्या हातात असते. सकाळी टेबलाला ब्रश मारायचा, तोही कापडाची लव ज्या दिशेने बसलेली असते त्याच दिशेने, बॉल्ककडून, म्हणजे टेबलाच्या खालच्या टोकाकडून, वरच्या कुशनकडे, म्हणजे कडेच्या रबरी गादीकडे. मग इस्त्री. चेंडू पुसायचे, क्यूच्या टिपा चिकटवून घासायच्या. आणि मेंबर खेळायला लागले की गुणफलकापाशी उभं राहून मोठ्याने गुण म्हणायचे. बाबांनी हे सदतीस वर्षं केलं. घरी आम्हाला पाढे म्हणायला लावायचे तेव्हाही त्यांचा आवाज तसाच लागायचा.

क्यू ठेवायच्या कपाटाच्या दाराला आतून त्यांनी वर्तमानपत्रातला एक फोटो चिकटवला होता. खळ लावून चिकटवलेला, पिवळा पडलेला, कडा उडालेल्या. मी लहानपणी तो देवाचा फोटो समजायचो, कारण बाबा कपाट उघडलं की आधी त्याच्याकडे बघायचे.

ते विल्सन जोन्स. २ मे १९२२ ला आपल्या पुण्यातच जन्मले. बिशप्स आणि सेंट व्हिन्सेंट्स या कँपातल्या शाळांमध्ये शिकले. १९५८ साली कलकत्त्याला हौशी खेळाडूंची जागतिक बिलियर्ड्स स्पर्धा झाली आणि ती त्यांनी जिंकली. कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. पुन्हा १९६४ साली न्यूझीलंडमध्ये जिंकले. १९५० ते १९६६ या काळात बारा वेळा बिलियर्ड्सचे राष्ट्रीय विजेते, त्याच टेबलावर खेळतात त्या स्नूकरचे पाच वेळा. अर्जुन पुरस्कार, १९६५ ला पद्मश्री, १९९६ ला द्रोणाचार्य.

एवढं सगळं असून त्यांचा खेळ आमच्या पिढीने पाहिलेला नाही. टीव्ही नव्हता. मी तो बाबांच्या तोंडून ऐकला. लग्नाच्या आधी एकदा मुंबईत साहेबांचा सामना होता. क्लबच्या सेक्रेटरींनी बाबांना दोन दिवसांची रजा दिली आणि गाडीभाडंही दिलं. मागच्या रांगेत उभं राहून त्यांनी सामना पाहिला. मी दर वेळी विचारायचो, दिसायला कसे होते, कपडे काय होते, हसले का? बाबा म्हणायचे, "अरे, मी त्यांच्याकडे बघितलंच कुठे, मी पांढऱ्या चेंडूकडे बघत होतो." लाल चेंडू पॉकेटमध्ये गेला की तो काढून जागेवर ठेवतात. तोपर्यंत पांढरा फिरून पुढच्या फटक्यासाठी हव्या त्या जागी आलेला असायचा. लाल पडला, पांढरा जागेवर. परत लाल पडला, पांढरा जागेवर. बाबा जेवणाच्या ताटावर लिंबाची फोड आणि दोन शेंगदाणे मांडून हे दाखवायचे. आई ओरडायची, जेवण गार होतंय.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. मी बारा वर्षांचा असेन. रात्री क्लब बंद झाल्यावर सेक्रेटरींच्या परवानगीने आम्ही बापलेक तासभर खेळायचो. फटका मारायला वाकलो आणि माझ्या शर्टाची बाही लाल चेंडूला लागली. चेंडू तसूभर हलला. बाबा पाठमोरे होते, गुण लावत होते. मी काही बोललो नाही, खेळत राहिलो. बाबांनी क्यू खाली ठेवली आणि टेबलावरचा दिवा मालवला. अंधारात म्हणाले, "काच आहे समोर. साहेबांच्या खेळात आपला फाऊल आपण सांगायचा असतो." गुणफलकाला काच होती हे माझ्या लक्षातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, मग दिवा लागला.

बाबा आयुष्यात जोन्ससाहेबांशी एक शब्द बोललेले नाहीत. तरी त्यांच्याकडून जे शिकले ते आम्हाला दिलं. तुमच्यापैकी कुणी त्यांना पाहिलंय, कुणाच्या घरात त्यांच्याबद्दल बोललं जायचं, लिहा. मी बाबांना वाचून दाखवणार आहे.

---

दादरचे_नाना | ५ ऑक्टोबर, रात्री १०:२५

फार चांगलं लिहिलंस. मी १९५८ ला सातवीत होतो. त्या काळाचं थोडं सांगतो, म्हणजे ती बातमी आम्हाला कशी वाटली असेल ते कळेल.

खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं कांस्य १९५२ चं. १९५६ ला आपल्या सांगलीचे बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर मलायात जिंकून आले. १९५८ च्या उन्हाळ्यात मिल्खा सिंगांनी कार्डिफला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतलं. हॉकी होतीच, पण हॉकी अकरा जणांची. एकटा माणूस जाऊन जगात पहिला येतो असं आम्हा पोरांना माहीत नव्हतं. आणि त्याच वर्षी हे. इंग्लंडचे लेस्ली ड्रिफील्ड दुसरे आले. ड्रिफील्ड १९५२ चे जगज्जेते, तेही कलकत्त्यालाच झाले होते. त्यांना मागे टाकून आपला माणूस पहिला.

आमच्या चाळीत बिलियर्ड्स कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. कॅरमच्या बोर्डाभोवती बसून आम्ही मोठ्या मुलांना विचारायचो, हा खेळ असतो कसा? एकाने सांगितलं, कॅरमसारखाच, फक्त सोंगट्या गोल. त्यानंतर कितीतरी दिवस स्ट्रायकर हातात घेतला की आम्ही स्वतःला जोन्स म्हणवून घ्यायचो.

---

डॅलस_८बॉल | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

मी इकडे टेक्सासमध्ये दर बुधवारी पूलच्या, म्हणजे बिलियर्ड्सच्या अमेरिकन भावंडाच्या, लीगमध्ये खेळतो, नऊ वर्षं झाली. आमच्या संघात तिघे मराठी आहेत. आणि मला हे नाव आज पहिल्यांदा कळतंय याचं मनापासून वाईट वाटलं. पूल आणि स्नूकर मला येतं. पण बिलियर्ड्समध्ये तीनच चेंडू असतात ना? मग इतका वेळ खेळतात काय? मार्करचा_मुलगा, जमलं तर जरा सविस्तर सांगा.

---

मार्करचा_मुलगा | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

आनंदाने. टेबल स्नूकरचंच, बारा फूट बाय सहा. चेंडू तीन : एक लाल, आणि प्रत्येक खेळाडूचा एकेक. त्या काळी दोन्ही पांढरेच असायचे, ओळखण्यासाठी एकावर ठिपका. आता एक पिवळा असतो.

गुण मिळवायच्या तीन तऱ्हा. आपला चेंडू एका फटक्यात बाकीच्या दोघांना लागला की कॅनन, दोन गुण. दुसरा चेंडू पॉकेटमध्ये घातला की पॉट, लालचे तीन, समोरच्याच्या पांढऱ्याचे दोन. आणि पूलवाल्यांना सगळ्यात विचित्र वाटेल ती तिसरी : आपलाच चेंडू दुसऱ्याला लागून पॉकेटमध्ये गेला तर गुण मिळतात! त्याला इन-ऑफ म्हणतात. लालवरून तीन, पांढऱ्यावरून दोन. तुमच्याकडे ज्याला स्क्रॅच म्हणून दंड आहे, ती इथे कला आहे. तसा आत गेलेला चेंडू मग हातात मिळतो आणि डी मधून, म्हणजे टेबलाच्या खालच्या टोकाला आखलेल्या अर्धगोलातून, पुढचा फटका मारायचा.

समोरच्याचा पांढरा पॉट केला तर मात्र त्याची पाळी येईपर्यंत तो टेबलाबाहेर राहतो. म्हणजे दोन गुणांच्या मोहापायी आपलाच एक सोबती घालवायचा. बाबा म्हणायचे, नवशिका पांढरा पाडतो आणि जाणता सांभाळतो.

मोठे खेळाडू तिन्ही चेंडू वरच्या टोकाला, लालच्या जागेजवळ जमवून घेतात आणि लाल पाड, कॅनन घे, लाल पाड, कॅनन घे असं करत शेकडो गुणांचा ब्रेक, म्हणजे एकाच पाळीतली सलग गुणांची मालिका, करतात. बघणाऱ्याला वाटतं काहीच घडत नाहीये. चेंडू वीतभर हलतात. पण एक फटका जरा जोरात गेला की तिघे तीन दिशांना पांगतात आणि सगळं परत जमवायला लागतं. सामने गुणांवर नाही, तासांवर खेळले जायचे. वेळ संपेपर्यंत ज्याचे गुण जास्त तो जिंकला. चांगला ब्रेक लागला की समोरचा अर्धा-पाऊण तास नुसता खुर्चीत. तिथे माणूस कळतो असं बाबांचं मत आहे. खेळताना सगळेच शांत दिसतात.

---

ऑकलंडची_निशा | ६ ऑक्टोबर, दुपारी १:१५

धागा वाचून अंगावर काटा आला, कारण १९६४ ची ती स्पर्धा न्यूझीलंडमध्ये जिथे झाली ते पुकेकोहे गाव माझ्या घरापासून पाऊण तासावर आहे. ऑकलंडच्या दक्षिणेला. लाल ज्वालामुखी माती, कांद्या-बटाट्याची शेतं. बघून आपल्या लासलगाव-मंचरची आठवण येते. मी तिकडे कांदे आणायला जाते.

या गावाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथे गुजराती आणि पंजाबी कुटुंबं शंभरेक वर्षांपासून भाजीपाला पिकवतात. आणि त्यांना विरोध म्हणून १९२०च्या दशकात 'व्हाईट न्यूझीलंड लीग' नावाची संघटना याच गावात निघाली. आशियाई लोकांना जमिनी देऊ नका, ही तिची मागणी. माओरी लोकांना तर तिथे सिनेमागृहात आणि न्हाव्याच्या दुकानात वेगळं काढायचे, ते कित्येक दशकं चाललं. भारतीयांनी मग स्वतःचं सभागृह बांधलं, त्याचं नाव नेहरू हॉल.

अशा गावात १९६४ साली भारताचा एक माणूस येतो, काठी घेऊन टेबलाशी उभा राहतो आणि जगज्जेता होऊन जातो. तिथल्या कांदा पिकवणाऱ्या कुणा म्हाताऱ्या भारतीयाला ही बातमी कळली असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याचा मी सकाळपासून विचार करतेय. पुढच्या वेळी गेले की तिथल्या जुन्या लोकांना विचारणार आहे.

---

सरळ_रेघ | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

भावना समजतात आणि जोन्स यांच्याबद्दल आदर आहेच. पण एक खटकतं ते बोलतो. हा खेळ क्लबांचा. क्लब गोऱ्यांचे, नंतर श्रीमंतांचे. माझे आजोबा अशाच एका क्लबात वेटर होते. त्यांना मागच्या दारानेच आत जावं लागे. खाशाबांना गावाने वर्गणी काढून ऑलिंपिकला पाठवलं. ते आपले वाटतात. बिलियर्ड्स आपलं कसं म्हणायचं?

---

मार्करचा_मुलगा | ६ ऑक्टोबर, रात्री ८:१०

सरळ_रेघ, तुमच्या आजोबांबद्दल वाचून बाबा बराच वेळ गप्प होते. त्यांनाही दिवसा त्या टेबलावर खेळायची मुभा नव्हती. मेंबर फटका चुकला की त्यांना विचारायचे, "काय चुकलं?" बाबा सांगायचे, मेंबर तसा मारायचे आणि जिंकायचे. पण क्यू हातात घ्यायची ती मेंबर घरी गेल्यावर, रात्री. ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही.

पण म्हणूनच हा खेळ आमचा आहे. मेंबर आठवड्यातून दोन संध्याकाळी येत. टेबल रोज बाबांच्या हाताखाली होतं. कापड कुठे ओढतं, कुठल्या पॉकेटचा ओठ घट्ट आहे, पावसाळ्यात कुशन किती मंद होतं, हे फक्त त्यांना माहीत. पुण्या-मुंबईच्या क्लबांमधले मार्कर बहुतेक आपलेच, कोकणातले, घाटावरचे. आणि जोन्ससाहेब जिंकले तेव्हा या लोकांना वाटलं की आपण ज्याची रोज देखभाल करतो त्या गोष्टीत आपला देश पहिला आला. पैसाही नव्हता त्यात, हौशी खेळाडूंची स्पर्धा. बाबांनी तो फोटो कपाटात आतून लावला, कारण बाहेरच्या भिंतीवर काय लावायचं हे ठरवायचा हक्क त्यांना नव्हता.

---

कँपवाली | ६ ऑक्टोबर, रात्री ९:५५

मी सेंटर स्ट्रीटच्या मागे वाढले. आमच्या वाड्यासमोर दोन अँग्लो-इंडियन कुटुंबं राहायची. जोन्सही त्याच समाजातले. स्वातंत्र्यानंतर त्या समाजातली घरंच्या घरं रिकामी होत गेली. कुणी इंग्लंड, कुणी ऑस्ट्रेलिया. माझी बालमैत्रीण १९६९ ला पर्थला गेली. जाताना तिच्या आईने तिचं शिवणयंत्र माझ्या आईला दिलं. अजून आमच्याकडे आहे.

आम्ही विचारलं होतं, का जाताय? तिच्या वडिलांनी सांगितलं, इथे आम्ही कोण हे आम्हालाच कळत नाही. मग स्वतःशीच म्हणाले, "विल्सन राहिला." एवढंच. ते त्यांना ओळखत होते की नुसतं नाव घेत होते, मला माहीत नाही, मी लहान होते. पण त्या आवाजात अभिमान होता आणि थोडी बोचही. जोन्स इथेच राहिले, भारतासाठी खेळले, नंतर पोरांना शिकवलं आणि मुंबईतच गेले. ज्या समाजाला दोन्हीकडून परकं म्हटलं गेलं त्यातल्या एका माणसाने भारताला पहिला वैयक्तिक जगज्जेता दिला, हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं असं मला फार वाटतं. आमच्या कँपात त्यांच्या नावाची साधी पाटी तरी हवी.

---

डॅलस_८बॉल | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

काल लीगमध्ये हा सगळा धागा मी आमच्या संघाला सांगितला. शेवटच्या गेममध्ये माझ्या क्यूची टिप पांढऱ्याला किंचित आधीच लागली. कुणी पाहिलं नव्हतं. सांगितलं. गेम गेला. समोरचा म्हातारा खेळाडू उठून हात मिळवायला आला आणि म्हणाला, असं करणारा बऱ्याच दिवसांनी भेटला. मार्करचा_मुलगा, बाबांना सांगा.

---

चर्चगेट_लोकल | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

माझा मुलगा ज्युनियर स्नूकर खेळतो. मुंबईत सीसीआयला, म्हणजे ब्रेबॉर्न स्टेडियमच्या क्लबात, जो बिलियर्ड्स हॉल आहे त्याला विल्सन जोन्स यांचंच नाव आहे. पहिल्यांदा स्पर्धेला गेलो तेव्हा मुलाने नाव वाचून विचारलं, "आई, हे कोण इंग्रज?" मी म्हटलं, इंग्रज नाहीत, पुण्याचे. तेवढंच मला माहीत होतं, तेही माझ्या सासऱ्यांमुळे.

आत गेल्यावर तो ज्या पद्धतीने वागायला लागला ते मला आवडलं. दारातच आवाज खाली. समोरचा फटका मारत असेल तर त्याच्या नजरेच्या रेषेत उभं राहायचं नाही, हलायचं नाही, क्यूच्या टोकाला चॉकसुद्धा घासायचा नाही. समोरच्याचा फटका चांगला झाला तर क्यूचा दांडा जमिनीवर हलकेच आपटून दाद द्यायची. अकरा वर्षांची मुलं हे सगळं करत होती. क्रिकेटच्या मैदानावरून आलेल्या आम्हा पालकांना तिथे शांत बसायला शिकावं लागलं. हा धागा आज रात्री मुलाला वाचायला देणार.

---

दादरचे_नाना | ७ ऑक्टोबर, सायंकाळी ५:२०

कँपवाली यांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

दोन विजेतेपदांच्या मधलं सुटलं होतं ते सांगतो. १९६२ ला पर्थला जागतिक स्पर्धा झाली, तीत जोन्स दुसरे आले. पहिले बॉब मार्शल, ऑस्ट्रेलियाचे. मार्शल पहिल्यांदा १९३६ ला जगज्जेते झाले होते, त्यांचं हे चौथं जेतेपद. घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर. तिथे हरल्यावर दोन वर्षांनी जोन्स ४२व्या वर्षी पुन्हा जिंकले. मला १९५८ पेक्षा १९६४ चं मोल जास्त वाटतं. पहिलं जिंकणं आपल्या देशात होतं. दुसरं परक्या देशात, एकदा हरून आल्यावर.

त्या १९६४ च्या स्पर्धेत मुंबईचे मायकेल फरेराही भारताकडून खेळले. तेव्हा पंचविशी ओलांडलेला तरुण. पुढे ते तीनदा जगज्जेते झाले, १९७७, ८१, ८३. मग गीत सेठी, मग पंकज अडवाणी. आणि अडवाणींचा जन्मही पुण्यातलाच, हे फार थोड्यांना माहीत असतं. खेळायला ते बंगळुरूत शिकले, पण जन्म पुण्याचा.

---

सरळ_रेघ | ७ ऑक्टोबर, रात्री ८:००

मार्करचा_मुलगा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. कपाटात आतून लावलेल्या फोटोचं वाक्य आईला वाचून दाखवलं. तिने सांगितलं की आजोबांनीही क्लबातून एक गोष्ट घरी आणली होती, निळ्या चॉकचा झिजलेला तुकडा. त्याने ती लहानपणी पाटीवर चित्रं काढायची. मला हे माहीतच नव्हतं. आभारी आहे.

---

मार्करचा_मुलगा | ७ ऑक्टोबर, रात्री १०:१५

सगळे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. मध्ये मध्ये थांबवून काही वाक्यं परत वाचायला लावली. डॅलसच्या गेमबद्दल ऐकून म्हणाले, "गेम गेला नाही. त्याला सांग, मी गुण लावले." निळा चॉक ऐकल्यावर हात पुढे केला, जणू समोर कुणी तो देत होतं. कँपवाली, "विल्सन राहिला" हे त्यांनी स्वतः दोनदा म्हटलं.

निशाताई, त्यांचा तुम्हाला एक प्रश्न आहे, आणि उत्तर आल्याशिवाय ते झोपणार नाहीत असं दिसतंय. विचारतायत, त्या पुकेकोहेला हवा कशी असते? दमट की कोरडी?

---

ऑकलंडची_निशा | ७ ऑक्टोबर, रात्री १०:५०

इथे सकाळ झाली आहे, लगेच वाचलं म्हणून बरं झालं. बाबांना सांगा, दमट. वर्षभर पाऊस, हिवाळ्यात जास्तच. घरात भिंतींना बुरशी धरते, कपडे वाळत नाहीत.

---

मार्करचा_मुलगा | ७ ऑक्टोबर, रात्री ११:०५

सांगितलं. म्हणाले, "मग कापड जड असणार. चेंडू लवकर थांबत असणार. साहेबांनी पहिल्या दिवशी सगळे फटके जरा लांब मारले असतील." मग उठून पेटीतून क्यू काढली, जेवणाच्या टेबलावर वाकले आणि तो लांब फटका कसा असेल ते मला दाखवलं.